काडीपैलवानाचा लिपिड प्रोफाइल

एकूण कोलेस्टेरॉल १८६. पुढे बाण नाही, ठळक अक्षर नाही, त्यामुळे घरात सगळे निर्धास्त. बाण होते ते खालच्या ओळींत: ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २६२, म्हणजे जास्त, आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४, म्हणजे कमी. तेही मला, ज्याला नातेवाईक काडीपैलवान म्हणतात.

फॅमिली डॉक्टरांनी तेल-तुपाची चौकशी केलीच नाही. "घरात शुगर कोणाकोणाला?" आई, थोरला मामा, आईचे वडील. त्यांनी कागदाच्या पाठीमागे गोल-चौकोन काढून वंशावळ मांडली आणि शुगर असलेले सगळे पेनाने काळे केले. मग टेपने पोट मोजलं. ९४ सेंटीमीटर. आपल्याकडे पुरुषांना ९०च्या वर धोका धरतात.

एकाच जनुकातल्या दोषामुळे कोलेस्टेरॉल वाढणारी घराणी असतात. तिथे एलडीएलच, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलच, १९०च्या वर जातं. आमचं ते नव्हे. आमच्याकडे अनेक जनुकांचा थोडा-थोडा वाटा जमून इन्सुलिनला नीट दाद न देणारं शरीर आलंय. चरबीच्या पेशींना आवरणं हेही इन्सुलिनचं काम. त्याचं चालेनासं झालं की त्या चरबी रक्तात सोडत राहतात, यकृत तिचे ट्रायग्लिसराइड्स करून परत रक्तात पाठवतं आणि या देवघेवीत एचडीएल घटतं. एलडीएलचा आकडा साधाच दिसतो, पण कण बारीक नि दाट होतात, ते जास्त वाईट. साखर वाढायच्या आधीपासून हे चालू असू शकतं. माझं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज) ६.१ निघालं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर.

बारीक माणसाला हे कसं, याचं उत्तर पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा जोडफोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१.

आईने रिपोर्ट ऐकताच तुपाची बरणी वरच्या फळीवर ठेवली. डॉक्टरांनी मात्र हात घातला तो दुसऱ्यांदा घेतलेल्या भाताला, चहातल्या साखरेला आणि संध्याकाळच्या खारीला. शिवाय जेवणानंतर चालणं. तो दुसरा भात सोडणं सगळ्यात जड गेलं, खारीचं काही वाटलं नाही. काही महिन्यांनी ट्रायग्लिसराइड्स १५८, एचबीएवनसी ५.८. एचडीएल मात्र ३६वर अडून बसलंय. स्टॅटिनचं, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचं, काय ते पुढच्या रिपोर्टनंतर ठरेल. आईच्या मते एकदा लागलेली गोळी सुटत नाही.

वंशावळीत बहिणीचा गोल रिकामा होता. तिला गरोदरपणात शुगर निघाली होती. बाळंतपणानंतर उतरली, म्हणून सगळ्यांनी विषय सोडला. डॉक्टरांनी तोही गोल अर्धा काळा केला आणि तिलाही तपासणीला पाठवा म्हणाले. ती म्हणते, दिवाळीनंतर.