तुम्ही विचारलंत म्हणून: ‘चांगल्या घरच्या असून याच बायका का?’

“एवढं चिनी शिकलात, अनुवाद करता, मग शरीर विकणाऱ्या याच बायकांच्या कथा का? तुम्ही तर चांगल्या घरच्या.” हा प्रश्न मला पुस्तकाच्या कार्यक्रमात आलाय, लग्नाच्या पंगतीत आलाय, जावेच्या डोहाळजेवणातही आलाय. आजवर मी चिनी लेखक लाओ शेचं नाव सांगून सुटायचे. त्याची १९३५ची ‘चंद्रकोर’ ही कथा वाचा, आईपाठोपाठ मुलगीही त्याच वाटेला लागते आणि कारण एकच, पोट. उत्तर खोटं नव्हतं. माझं मात्र नव्हतं.

‘चांगल्या घरची’ हा शब्द चिनीतही आहे, ‘ल्यांगज्या’. तिथे तो नुसता शेरा नव्हता, कायदा होता. माणसं ‘ल्यांग’ म्हणजे चांगली आणि ‘ज्येन’ म्हणजे हलकी, अशी वाटलेली. गाण्याबजावण्यातल्या घराण्यांचा पिढीजात हलकेपणा योंगचंग बादशहाने १७२३ मध्ये काढून टाकला. कागदावरून.

२००९ साली मी दक्षिण चीनमधल्या एका शहरात शिकत होते. खोलीखाली सलून होतं. गुलाबी दिवा, आरसा, दोन खुर्च्या, कात्री एकही नाही. तिथल्या बाईला मी ‘ज्येज्ये’ म्हणायचे, ताई. एकदा पावसात किल्ली हरवली आणि घरमालक येईपर्यंत दोन तास मी तिच्याकडे बसले. तिने टॉवेलने माझे केस पुसले, सूर्यफुलाच्या बिया पुढ्यात ठेवल्या आणि गावी आजीकडे राहणाऱ्या मुलाची वही दाखवली. दुसरीतला मुलगा. एकेक अक्षर दहा-दहा वेळा गिरवलेलं.

महिनाभराने रात्री पोलीस आले. मी जिना उतरत होते. ती पायरीशी उकिडवी, हात डोक्यावर. पोलिसाने मला विचारलं, “हिला ओळखतेस?”

मी म्हटलं, “नाही.”

तिने मान वर केली नाही. मी तिच्या बाजूने वाट काढत रस्त्यावर आले आणि कोपऱ्यापर्यंत चालत राहिले, काही काम नसताना.

व्हिसा होता, शिष्यवृत्ती होती. माझ्या ‘हो’ने ती सुटली नसती. हे मी स्वतःला कितीदा सांगितलंय, आणि ते खरंही आहे. पण तेव्हा अशा बायकांना खटल्याशिवाय सहा महिने ते दोन वर्षं डांबता यायचं, वर नाव ‘शिक्षण’. ती तरतूद डिसेंबर २०१९ मध्ये रद्द झाली. बातमी वाचून मी आधी त्या मुलाचं वय मोजलं.

त्यानंतर शन त्सोंगवन या चिनी लेखकाची १९३०ची ‘नवरा’ ही कथा अनुवादाला घेतली. बायको नावेवर गिऱ्हाइकं घेते, नवरा खेड्यातून भेटायला आलेला. रात्री गस्तवाले झडती घेतात आणि त्यांचा अधिकारी तिला पुन्हा ‘तपासायला’ येणार असतो. सकाळी ती नवऱ्याच्या हातात पैसे ठेवते. तो ते खाली टाकतो, दोन्ही हातांनी तोंड झाकून रडतो. मग दोघं गावी परततात.

पूर्वी वाटायचं, असं लिहून ते ‘नाही’ फिटेल. फिटत नाही. उलट कुणी म्हणालं की ताईच्या दुःखावर तुमचं पुस्तक उभं राहिलं, तर काय सांगणार?

त्या कथेत बायका आपल्या कामाला ‘शंगयी’ म्हणतात. साधा रोजचा शब्द, दुकानदारही तोच वापरतो. मी ‘धंदा’ लिहिलं. संपादक म्हणाल्या, फार घाण वाटतं हो, ‘व्यवसाय’ करूया. मी ‘धंदा’च ठेवलाय. ज्येज्येला तो शब्द पटला असता का, कोण जाणे.