हॉर्निमन म्हणजे कोण?

बुधवार, रात्री साडेदहा

आज डबा बागेत खाल्ला. ऑफिसचा एसी सकाळपासून बंद, कँटीनमध्ये तर भट्टी पेटलेली. सोबत आमच्या सेक्शनला नवीन आलेला मुलगा, सांगलीकडचा. हॉर्निमन सर्कलच्या झाडांखाली दुपारी बाक मिळणं म्हणजे डोंबिवली फास्टला खिडकी मिळणं, पण मिळाला. माझी फरसबी त्याला, त्याची शेंगदाण्याची चटणी मला. (चटणी फार भारी. एसटीने येते म्हणाला, घरून.)

खाता खाता विचारतो, "मॅडम, हॉर्निमन म्हणजे काय हो?"

"काय नाही, कोण. पेपरवाला होता."

"पारशी?"

"इंग्रज. अस्सल."

त्याचा घास हातातच राहिला. साहेबांची नावं काढायची सोडून साहेबाचंच नाव दिलं? दिलं खरं. आधी हे एल्फिन्स्टन सर्कल होतं, गव्हर्नरच्या नावाचं. एक गोरा उठवला नि दुसरा बसवला.

मग मी सांगतच सुटले. बेंजामिन हॉर्निमन १९०६ साली कलकत्त्याला 'स्टेट्समन'मध्ये आला. फिरोजशहा मेहतांनी १९१३ मध्ये 'बॉम्बे क्रॉनिकल' काढलं तेव्हा संपादक म्हणून मुंबईत. आला तो आपल्याच लोकांच्या सरकारवर तुटून पडला. १९१८ च्या डिसेंबरात गव्हर्नर विलिंग्डनच्या गौरवासाठी टाउन हॉलमध्ये सभा भरली, ती उधळायला जिना आणि हॉर्निमन पुढे. टाउन हॉल म्हणजे आपली समोरची एशियाटिक लायब्ररी. जेवून बाहेर आलो तेव्हा तिथे एक होऊ घातलेली नवरी शालू सावरत, फोटोवाल्याच्या सांगण्यावरून तीच पायरी तिसऱ्यांदा उतरत होती. नवरदेव बिचारा उन्हात घाम पुसतोय.

पुढचं साल रौलट कायद्याचं. 'क्रॉनिकल' सरकारला नकोसं झालेलंच. १३ एप्रिलला जालियनवाला बाग घडली आणि महिना संपायच्या आत हॉर्निमनला इंग्लंडच्या बोटीवर चढवलं. हद्दपार! टिळकांना मंडालेला धाडलं, सावरकरांना अंदमानात. आणि याला शिक्षा काय, तर स्वतःच्या घरी जा. याचं काळं पाणी म्हणजे इंग्लंड. तिथेही गप्प कुठला बसतोय, १९२० मध्ये अमृतसरवर पुस्तकच लिहिलं.

टिळक त्या वेळी लंडनलाच होते, चिरोलवर घातलेल्या बदनामीच्या खटल्यापायी. तो चिरोलही पत्रकारच, लंडनच्या 'टाइम्स'चा. 'भारतीय असंतोषाचे जनक' हे आपण शाळेत छाती फुगवून पाठ केलं, ते मुळात त्याने ठपका म्हणून लिहिलेलं. खटला टिळक हरले. ठपका मात्र आपण पदवी म्हणून ठेवून घेतला. चिरोलच्या नावाचा चौक काही कुठे नाही.

"परत आला का मग?" पोराने विचारलं. तोवर डबे धुवून झाले होते.

आला. सरकार परवानगी देईना, तरी १९२६ मध्ये आलाच. पुन्हा 'क्रॉनिकल', नंतर 'बॉम्बे सेंटिनल' हे संध्याकाळचं पत्र. १९४१ मध्ये करंजियांचं 'ब्लिट्झ' निघालं, त्यातही होता. १९४८ साली गेला. म्हणजे स्वातंत्र्य बघूनच.

एवढं बोलेपर्यंत पाऊण तास झाला. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मी फाइलकडे.

गाडीत मात्र तेच डोक्यात. ती सात वर्षं लंडनमध्ये कुणी विचारलं असेल, घरी कधी जाणार, तर हा काय म्हणत असेल?

आत्ता नऊ वाजता दादाचा फोन आला. तीन आठवडे इथे राहून परवा गेला. "सुखरूप घरी पोचलो गं," म्हणाला. मी आईला तसंच सांगितलं. आई ताक ढवळत होती. रवी थांबवून म्हणाली, "कुठल्या?"