आमची वाटचाल: धिंगरीपासून रेशीपर्यंत

नागपूरजवळ हिंगण्याच्या बाजूला आमचं छोटं युनिट आहे. रेशी आणि कॉर्डिसेप्स या दोन औषधी अळंब्या आम्ही पिकवतो, वाळवतो आणि विकतो. हिवाळ्यात लायन्स मेन ही अळंबीही घेतो.

सुरुवात धिंगरीने, म्हणजे ऑयस्टर मशरूमने झाली. मी मायक्रोबायोलॉजीची, माझे मिस्टर शेती शिकलेले. सासरी मौद्याला धानाची शेती, त्यामुळे तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, घरचंच. ते कापायचं, रात्रभर भिजवायचं, गरम पाण्यातून काढायचं आणि थरावर थर स्पॉन (अळंबीचं बियाणं) टाकत पिशव्या भरायच्या. निर्जंतुकीकरणाला फॉर्मेलिन वापरणारे खूप आहेत, स्वस्त पडतं. आम्ही पहिल्यापासून गरम पाणीच ठेवलं. अळंबी ज्यावर वाढते त्यातलं बरंच काही शोषून घेते, जड धातूसुद्धा. म्हणून तणीस कोणत्या शेतातलं, भुसा कोणत्या लाकडाचा, हे आम्ही आजही विचारून घेतो.

विदर्भाला अळंबी नवी नाही. पावसाळ्यात भंडारा-गोंदियाकडच्या सात्या, म्हणजे रानातल्या अळंब्या, बाजारात आल्या की लोक भाव न करता घेतात. पण पिशवीत पिकवलेली अळंबी लोकांच्या गळी उतरवायला वेळ लागला. त्यात आपला उन्हाळा. धिंगरीला २० ते २८ अंश लागतात आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर. हवा कोरडी असते तोवर वाळ्याच्या ताट्या आणि डेझर्ट कूलर यांच्यावर खोली बऱ्यापैकी सांभाळता येते. जूनच्या शेवटी हवेत ओल आली की तोच कूलर फक्त वारा फेकतो, गारवा येत नाही. ताजा माल तर दुसऱ्या दिवशी पिवळा पडायचा. टिकेल असा माल हवा होता, म्हणून आम्ही औषधी अळंबीकडे वळलो.

रेशीला ऊब चालते, २८-३० अंशांत ती मजेत वाढते. त्यामुळे नागपुरात एसीचं बिल न भरता ती घेता येते, फक्त आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास राखावी लागते. आरा मशीनवरून आंब्याच्या लाकडाचा भुसा आणायचा, त्यात गव्हाचा कोंडा मिसळायचा, पिशव्या भरून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेवर, निर्जंतुक करायच्या. पिशवीच्या तोंडातून आधी शिंगासारखा कोंब येतो. खोली बंद असेल तर तो नुसता लांबत जातो. मोकळी हवा दिली की टोक पसरून टोपी धरते, वरून लालसर, पॉलिश केल्यासारखी चकचकीत, आणि कडेला पांढरी किनार. ती किनार संपली की वाढ थांबली असं समजायचं. मग बीजाणू सुटतात आणि रॅक, भिंती, आमचे केस, सगळ्यावर कोकोसारखी तपकिरी पूड बसते. काढणीच्या दिवसांत मास्कशिवाय आम्ही कुणालाच आत सोडत नाही.

कॉर्डिसेप्सचं सगळंच नाजूक. काचेच्या बरणीत ब्राऊन राइस आणि पोषक द्रावण, त्यावर लिक्विड कल्चर (द्रवात वाढवलेलं बियाणं), आधी अंधार, मग रोज ठराविक तास प्रकाश. तापमान २० अंशांच्या आसपासच हवं, २५ च्या वर गेलं की कोंब धरत नाहीत. उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली की पहिला फोन जनरेटरवाल्याला जातो. शिवाय याचं कल्चर पुनःपुन्हा वाढवत राहिलं की स्ट्रेन, म्हणजे तो वाण, दमतो. बरणी पांढरी भरते, पण नारिंगी काड्या येतच नाहीत. म्हणून चांगल्या बॅचमधून नवं कल्चर काढून जपून ठेवणं हे माझं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे आणि ते मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

प्रदर्शनात हमखास विचारतात, "ताई, यात किडा असतो का?" किडा असतो तो हिमालयातल्या कीडाजडीत. ती ऑफिओकॉर्डिसेप्स सायनेन्सिस, उंचावरच्या गवताळ भागात पतंगाच्या अळीवर उगवते. आमची कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस, तांदळावर वाढलेली, पूर्ण शाकाहारी. दोन्ही जाती वेगळ्या आहेत आणि कीडाजडीच्या नावाने मिलिटॅरिस विकणं आम्हाला मान्य नाही. मिलिटॅरिसची स्वतःची ओळख आहेच. कॉर्डिसेपिन हा घटक १९५० मध्ये याच अळंबीतून पहिल्यांदा वेगळा केला गेला.

आता फायद्यांबद्दल. या अळंब्यांतल्या बीटा-ग्लुकॅन या तंतुमय घटकाचा रोगप्रतिकारशक्तीशी संबंध आहे, यावर बरंच काम झालंय. जपानमध्ये टर्की टेल अळंबीतून काढलेलं पीएसके हे औषध १९७७ मध्ये आणि शिताके अळंबीमधलं लेंटिनन १९८५ मध्ये कॅन्सरच्या उपचारात जोड म्हणून मंजूर झालं. पण ती शुद्ध केलेली औषधं होती, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेली. डब्यातली पूड म्हणजे ते औषध नव्हे. लायन्स मेनवर २००९ मध्ये जपानमध्येच ५० ते ८० वयाच्या, स्मरणशक्ती थोडी मंदावलेल्या लोकांवर १६ आठवड्यांचा प्रयोग झाला. गुण दिसला, पण पूड बंद केल्यावर तो टिकला नाही. रेशीबद्दल कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेचा आढावा सांगतो की कॅन्सरवर मुख्य उपचार म्हणून ती वापरावी इतका पुरावा नाही.

हे मी ग्राहकाला तोंडावर सांगते. मागे एका वितरकाने मोठी ऑर्डर देऊ केली, अट एकच, डब्यावर 'कॅन्सर आणि शुगरवर रामबाण' छापायचं. औषधं आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरचा १९५४ चा कायदा त्याला माहीत होता, "कोण बघतं" म्हणाला. ऑर्डर आम्ही सोडली. त्या वर्षी ती रक्कम आम्हाला खरंच हवी होती, तरी आज विचारलं तर उत्तर तेच असेल. नागपुरात आसपासच्या राज्यांतून कॅन्सरचे पेशंट येतात. एक मुलगा वडिलांची केमोची फाइल घेऊन थेट युनिटवर आला होता. त्याला पूड दिली नाही, चहा दिला आणि आधी डॉक्टरांना विचारायला सांगितलं. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेहाची औषधं, किडनी बदलल्यानंतरच्या गोळ्या, ठरलेलं ऑपरेशन, यांपैकी काहीही असेल तर न विचारता रेशी घेऊ नये. यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत.

बाजारात पूड घेताना एक गोष्ट घरी तपासता येते. बरीच स्वस्त पूड अळंबीची नसते, धान्यावर वाढवलेलं कवकजाल (अळंबीचे मुळांसारखे धागे) धान्यासकट दळलेलं असतं. चमचाभर पूड पाण्यात उकळा, निवू द्या आणि आयोडीनचे दोन थेंब टाका. काळं-निळं झालं तर त्यात स्टार्च भरपूर आहे. आम्ही स्टॉलवर हे दोन ग्लास शेजारी ठेवून दाखवतो. आमची रेशी तपकिरीच राहते, कारण ती नुसती टोपी दळलेली असते.

रेशी लाकडासारखी कडक आणि कडू. चावून उपयोग नाही. तिच्या पेशींच्या भिंती कायटिन या कडक पदार्थाच्या, म्हणून काप पाण्यात मंद आचेवर अर्धा तास तरी उकळायचे. कडूपणा ट्रायटर्पिन या घटकाचा आहे, तो घालवायला साखर टाकू नका, आलं चालेल.

सध्या युनिटवर गावातल्या सहा बायका काम करतात. बरण्या भरण्यापासून पॅकिंगपर्यंत सगळं त्याच सांभाळतात. लायन्स मेन नोव्हेंबर ते फेब्रुवारी ताजी मिळते, बाकीच्या काळात वाळवलेली. युनिट पाहायला यायचं असेल तर फोन करून या, काढणी चालू असेल तर रेशीची खोली काचेतूनच पाहावी लागेल.