आमची वाटचाल : जमीन, हिशोब आणि ती पट्टी

जमीन घेऊन, प्लॉट पाडून विकायचा धंदा सुरू केला तेव्हा आम्हा दोघा भागीदारांकडे एक डम्पी लेव्हल (जमिनीचा चढउतार बघायची दुर्बीण), तिच्यासोबतचा एक स्टाफ (आकडे आखलेली उभी काठी) आणि मोजणीची ३० मीटरची साखळी होती. १५० कड्यांची ती साखळी मी अजून तेल लावून ठेवली आहे. पुढे टोटल स्टेशन हे मोजणीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र आलं, तरी माझे भागीदार प्रत्येक जमीन भर पावसात पायी फिरूनच पास करायचे. पाणी कुठे तुंबतं, हे उन्हाळ्यातल्या मोजणीत कळत नाही.

२००७ची तेजी सगळ्यांना आठवत असेल. आम्ही कर्ज काढून एक मोठा तुकडा एकरकमी घेतला, तिथेच चुकलो. घरांच्या विक्रीचे १०० धरा. बांधकाम, व्याज, फी आणि बिल्डरचा नफा यांत ७५ जातात, जमिनीला २५ उरतात. विक्री १० टक्क्यांनी उतरली आणि खर्च तेवढाच राहिला, तर जमिनीला १५च उरतात, म्हणजे जमीन ४० टक्क्यांनी पडते. २००८च्या जागतिक संकटात हे आम्ही अंगावर झेललं. कर्ज देणाऱ्यांनी पुढचा हप्ता थांबवला, व्याज मात्र चालूच होतं.

त्यातच रस्त्यालगतची एक चिंचोळी पट्टी शेजारच्या बड्या फर्मने मूळ मालकाकडून गुपचूप घेतली. आम्ही तिच्या भावासाठी घासाघीस करत बसलो होतो. पट्टीशिवाय आमच्या लेआउटला रस्ताच नव्हता. तिच्यापायी चार चांगले प्लॉट द्यावे लागले, आणि वर आज ती फर्म तो लेआउट आपलाच म्हणून सांगते. आखणीचा एकेक खुंटा माझ्या भागीदारांनी ठोकला होता.

त्या वर्षी एकच माणूस दारात आला, आमचा जुना बिल्डर. त्याने सहा प्लॉटचं बयाणं दिलं आणि भाव पाडून मागितला नाही. त्या पैशांतून गटारं आणि आतला रस्ता झाला, मग बाकीचे प्लॉट हलले.

नंतरची वर्षं ठीक गेली. आता एकरकमी खरेदी कमी झाली आहे. मंजुरीच्या अटीवर करार, टप्प्याटप्प्याने पैसे, नाहीतर जमीनमालकाशीच भागीदारी, असं चालतं. नवीन मुलांनी आधी रस्त्याची कागदपत्रं हातात घ्यावीत, मगच जमिनीचा भाव बोलावा. परवानगीआधी पूर्ण पैसे मोजू नयेत. २०२२नंतर बऱ्याच देशांत व्याजदर चढले, तेव्हा आमच्याकडे एकाही जमिनीवर कर्ज नव्हतं.

बिल्डरची मुलगी आता त्याचं काम बघते. प्लॉट बघायला ती पावसातच येते.