चहाच्या आधीचा पाऊण तास

मे महिन्यात नाशिकला सगळे उकाड्याने हैराण आणि मी एकटी फॅन बंद करा म्हणून भांडतेय, हे खरं तर पहिलं लक्षण होतं, पण तेव्हा कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही. केस गळतायत, पाणी बदललं असेल. दुपारी डोळे मिटतायत, रात्री जागते म्हणून. पाळी जास्त जातेय, चाळिशी जवळ आली. प्रत्येक गोष्टीला एकेक कारण तयार होतं, आणि वजनाला तर सगळ्यांकडे एकच, जरा चालत जा गं.

शेवटी थायरॉईडची, म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीची, रक्ताची टेस्ट केली, त्यात टीएसएच नावाचं हार्मोन आलं १८. लॅबच्या कागदावर नॉर्मल साधारण ०.४ ते ४ च्या आसपास लिहिलेलं असतं. मी आधी समजले की थायरॉईड जास्त काम करतंय, आकडा मोठा आहे ना! तर उलटं असतं ते. टीएसएच हे थायरॉईडने बनवलेलं नसतंच, ते मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी पाठवते. शाळेच्या दिवशी आई कशी आधी हळू हाक मारते, मग जोरात, मग पांघरूण ओढते, तसं थायरॉईड उठत नाही म्हणून पिट्यूटरी आवाज चढवत जाते. माझी १८ पर्यंत ओरडत होती बिचारी.

मग टीपीओ अँटीबॉडीची, म्हणजे शरीराने थायरॉईडविरुद्धच बनवलेल्या अँटीबॉडीची टेस्ट झाली, ती सहाशेच्या वर. डॉक्टर म्हणाले हाशिमोटो. हे नाव एका जपानी सर्जनचं, हाकारू हाशिमोटो, त्याने १९१२ साली चार बायकांच्या थायरॉईडबद्दल लिहिलं होतं. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीवर उठते हे कळायला पुढे १९५६ उजाडलं. मी घरी येऊन त्या सहाशेच्या आकड्यावर दोन दिवस रडले आणि दर महिन्याला तो खाली आणायचा असं ठरवलं, धण्याचं पाणी काय, कोबी फ्लॉवर बंद काय, साधं मीठ सोडून सैंधव काय, व्हॉट्सअ‍ॅपवर जे आलं ते सगळं केलं. डॉक्टरांनी नंतर शांतपणे सांगितलं की अँटीबॉडी एकदा आल्या की निदान झालं, तो आकडा परत परत मोजून उपचार बदलत नाही. गोळी ठरते टीएसएचवर. शिजवलेला कोबी नेहमीच्या प्रमाणात चालतो. आणि आयोडीनचं मीठ बंद करायची गरज नाही, फक्त वरून आयोडीनच्या गोळ्या किंवा केल्पची (समुद्री शेवाळाची) पावडर घेऊ नकोस, जास्त आयोडीनने हाशिमोटो बिघडू शकतो.

गोळी म्हणजे लिव्होथायरॉक्सिन, ५० मायक्रोग्रॅमने सुरुवात. ही हल्ला थांबवत नाही, ग्रंथी जे बनवू शकत नाही ते बाहेरून देते, बस. सहा आठवड्यांनी टेस्ट केली (त्याच्या आधी करण्यात अर्थ नसतो, औषध शरीरात स्थिरावायलाच तेवढे दिवस लागतात) तर टीएसएच अजून ९. डोस वाढवायच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, घेता कशी? मी म्हटलं सकाळी, चहाबरोबर, सोबत कॅल्शियमची पण घेते म्हणजे एकदाच झंझट संपतं. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले.

तर ती उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि मग अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. कॅल्शियम आणि लोहाची गोळी चार तास लांब. ज्याला उठल्या उठल्या चहा लागतो त्यालाच कळेल ही काय शिक्षा आहे. मी साडेपाचचा अलार्म लावून गोळी गिळून परत झोपायला लागले. डोस न वाढवता पुढच्या टेस्टला ४.२.

मध्ये अजून एक घोळ, केसांसाठी पार्लरवालीने सांगितलं म्हणून बायोटिन नावाचं व्हिटॅमिन सुरू केलं आणि पुढच्या रिपोर्टमध्ये टीएसएच ०.१! डोस जवळजवळ कमीच होणार होता. पण तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, वरून काही घेताय का? काही लॅबच्या टेस्टमध्ये बायोटिनमुळे आकडे खोटे येतात. ते थोडे दिवस बंद करून परत रक्त दिलं तर सगळं ठीक.

वजन? वाढलेल्या दहातलं तीन किलो उतरलं. बाकीचे सात माझेच होते म्हणे, थायरॉईडचे नाहीत. ह्याचं मला जास्त वाईट वाटलं.

हे सगळं मी आईला मोठ्या ऐटीत समजावून सांगत होते, कारण ती पण पंधरा वर्षं थायरॉईडची गोळी घेतेय, आणि घेते कशी तर चहात पार्ले बुडवून झाल्यावर. म्हटलं आई अगं, चुकीचं आहे हे, उद्यापासून उपाशीपोटी. तर ती म्हणाली, "पण माझा रिपोर्ट नॉर्मल येतो. म्हणजे माझा डोस चहा धरूनच ठरलाय ना? आता चहा काढला तर गोळी जास्त नाही का व्हायची?"

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले आई बरोबर बोलतायत, त्यांच्या वयात डोस जास्त झालेला हृदयाला आणि हाडांना चांगला नाही, रोज एकाच पद्धतीने घेतायत तर घेऊ दे, आणि पद्धत बदललीच तर सहा ते आठ आठवड्यांनी टेस्ट करून डोस बघू.

आईने चहा सोडलेला नाही. साडेपाचला माझा अलार्म वाजला की तीच उठते आणि आधण ठेवते, आणि मला पाऊण तास तो वास घेत पडून राहावं लागतं.