रंगपूरच्या खुंटावरचं संत्रं

८ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा मी निफाडला माहेरीच होते. लासलगावला लिलाव थांबले, शेतकरी रस्त्यावर उतरले. आमचा लाल कांदा निम्मा काढून झाला होता, निम्मा जमिनीत. वडील दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. दहा दिवसांनी मी नागपूरला निघाले, तर त्यांनी अर्धी गोणी कांदा बांधून दिला. म्हणाले, "मैत्रिणीकडे रिकाम्या हाताने जाऊ नको. विकून तरी काय येणार आहे."

नाशिकरोडला रात्री विदर्भ एक्सप्रेस धरली. सकाळी नागपूरला उतरून पूर्वेकडून बाहेर पडलं की त्या बाजूला संत्रा मार्केटच म्हणतात. हिवाळी अधिवेशन चालू होतं, त्यामुळे सिव्हिल लाइन्सकडे जागोजागी पोलीस आणि अडवलेले रस्ते. मैत्रीण घ्यायला आली होती. तर्री पोहे खाऊन आम्ही आधी कळमन्याला गेलो, कारण तिच्या वडिलांचा माल त्या दिवशी तिथे उतरणार होता.

कळमन्याच्या बाजारात आंबिया बहाराचे, म्हणजे हिवाळ्यात येणाऱ्या संत्र्याच्या पिकाचे दिवस मी पहिल्यांदाच पाहत होते. कांद्याच्या बाजारात मातीचा आणि उग्र असा वास असतो, इथे सालीच्या तेलाचा वास घशात उतरतो. ढिगाऱ्यांमागे ढिगारे. व्यापारी एखादं फळ उचलतो, दाबतो, सोलून फोड तोंडात टाकतो आणि आकडा बोलतो. बोली टनावर. काकाजींचा, म्हणजे मैत्रिणीच्या वडिलांचा ढीग तीन-चार मिनिटांत गेला. त्यांनी चिठ्ठी खिशात घातली, आणि त्यांचा चेहरा मला ओळखीचा वाटला. दहा दिवसांपूर्वी तोच चेहरा मी आमच्या ओट्यावर पाहिला होता.

"किती कमी आला?" मी विचारलं.

"कमी-जास्त सोडा ताई. पहिले इथून ट्रक थेट बांगलादेशात जाय. आता कोनी इचारून नाही राह्यलं."

काटोलच्या रस्त्याने जाताना त्यांनी हिशेब सांगितला. बांगलादेश हा नागपुरी संत्र्याचा सगळ्यात मोठा परदेशी गिऱ्हाईक. २०१९ मध्ये तिथला आयातकर किलोला २० रुपयांच्या आसपास होता, २०२३ मध्ये तो ८८ रुपयांवर गेला. बागेत किलोला जे हातात पडतं त्याच्या कितीतरी पट कर एकट्या सीमेवर. मग ढाक्यातल्या दुकानात ते फळ कोण घेणार? निर्यात आटली आणि तो सगळा माल देशातल्याच बाजारांवर येऊन पडला. म्हणून ज्याने आयुष्यात कधी निर्यात केली नाही, त्याचाही भाव उतरला.

मी विचारलं, दुसरीकडे का नाही पाठवत? हा प्रश्न मी अडाणीपणाने विचारला, हे पुढच्या दहा मिनिटांत कळलं. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि पातळ. सोलायला सोपं, म्हणून आपल्याला आवडतं, पण त्याच सालीमुळे ते लांबच्या प्रवासात टिकत नाही. शिवाय बिया. युरोपातल्या गिऱ्हाइकाला बिनबियांचं, घट्ट सालीचं फळ लागतं. वरूड-काटोलहून निघालेला ट्रक रायपूर, कोलकाता करत सीमेवरच्या पेट्रापोलला पोचतो, पलीकडे बांगलादेशातलं बेनापोल. तेवढ्या प्रवासात हे फळ तग धरतं आणि पलीकडच्या लोकांना त्याची आंबटगोड चव आवडते. शेजार हाच त्याचा बाजार आहे.

दुपारी बागेत गेलो. काळी जमीन, ठिबकच्या नळ्या, झाडाखाली गळलेली फळं. काकाजी एका झाडापाशी वाकले आणि बुंध्याशी जमिनीपासून वीतभर वर एक गाठ दाखवली. खाली सालीचा पोत वेगळा, वर वेगळा. "हे कलम. खालचा खुंट रंगपूर, वर आपलं नागपुरी." इकडे जंबेरी या दुसऱ्या लिंबाच्या खुंटावरची झाडं जास्त आहेत, पण या वाफ्यातली सगळी त्यांनी रंगपूर लिंबाच्या खुंटावर घेतली होती.

रंगपूर हे बांगलादेशातलं शहर आहे, त्याच नावावरून हे लिंबू ओळखलं जातं. मी ते सांगितल्यावर काकाजी बराच वेळ त्या गाठीकडे बघत राहिले. चाळीस वर्षं बाग करणाऱ्या माणसाला खुंटाच्या नावाचा अर्थ त्या दिवशी कळला. मलाही त्या गाठीवरून हात काढवेना.

संध्याकाळी ओसरीवर मी गोणी सोडली. कांदे बघून काकाजींनी जे विचारलं, त्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. "ताई, लोक म्हनते का तुमचा कांदा बंद केला म्हनून त्यायनं आमच्या संत्र्यावर कर वाढवला. खरं हाय का?"

मला उत्तर सुचलं नाही. तोवर निर्यातबंदी म्हणजे आमच्या घरावर आलेलं संकट, एवढंच मी धरून चालले होते. पलीकडे कोण ते कांदे खात होतं, याचा विचार मी कधी केलाच नव्हता. रात्री बसून जुन्या बातम्या वाचल्या. सप्टेंबर २०१९ मध्ये भारताने अशीच बंदी घातली होती. काही दिवसांनी बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा म्हणाल्या, की आचाऱ्याला बिनकांद्याचा स्वयंपाक करायला सांगितलंय, बंद करणार होतात तर आधी कळवायचं होतं. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी. आणि २०२३ च्या त्या डिसेंबरात, आमच्याकडे लिलाव थांबले त्याच दोन-तीन दिवसांत ढाक्यात कांदा किलोला दोनशे टक्यांच्या वर गेला; टका हे त्यांचं चलन. इथे माझे वडील गप्प, तिथे कुठल्यातरी घरात बाजाराची पिशवी अर्धीच भरलेली. दोघांपैकी कुणाला आधी विचारलं नव्हतं.

तरी सूडाची गोष्ट मला पूर्ण पटत नाही. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, तेल महागलं आणि बांगलादेशाकडचे डॉलर आटू लागले. ८६ टक्यांना मिळणारा डॉलर २०२३ अखेर ११० वर गेला. जानेवारी २०२३ मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून ४७० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर करून घ्यावं लागलं. त्याआधी, मे २०२२ मध्येच, त्यांनी परदेशी फळांवरचा नियामक कर ३ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर नेला होता. त्याखाली आयातकर, पूरक कर, मूल्यवर्धित कर असे थर आधीचेच. ज्या देशाला तेल आणि गहू घ्यायला डॉलर पुरत नाहीत, तो संत्र्याला चैनीत धरणारच. कांद्याने मन कडवट झालं असेल, पण माझ्या मते कर वाढला तो मुख्यतः रिकाम्या तिजोरीमुळे. युद्ध कुठे आणि फळ कुठे सडलं!

सकाळी मी हे काकाजींना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या हिवाळ्यात राज्य सरकारने कराच्या निम्म्या रकमेचं, किलोमागे ४४ रुपयांचं अनुदान द्यायचं ठरवलं होतं. "ते निर्यात करनाऱ्याले भेटन," ते म्हणाले. "माझ्या ढिगाचा भाव वाढन का?" तो वाढेल असं मला मनापासून म्हणायचं होतं, पण कांद्याच्या घरातली मुलगी असल्यामुळे खोटं आश्वासन देववेना. अनुदान एका हंगामाचं असतं, झाड पंचवीस-तीस वर्षांचं.

निघताना त्याच गोणीत त्यांनी संत्री भरली. निफाडला आईने ती शेजारीपाजारी वाटली.

मे २०२४ मध्ये कांद्याची बंदी उठली, पण ४० टक्के निर्यातकर लावून. तोवर आमचा कांदा मातीमोल भावात गेला होता. ५ ऑगस्टला हसीनांना देश सोडावा लागला, तेव्हा टीव्हीवर ढाक्याचे रस्ते दिसत असतानाच मैत्रिणीच्या फोनवरून काकाजी बोलले. काटोलला पाऊस धरून होता, आंबियाची फळं लिंबाएवढी झाली होती आणि गळ सुरू होती.

"ताई, तिकडे आता कोन बसन?" त्यांनी विचारलं. "फळं तर झाडावरच हायेत अजून."