सहावी चव

जेवायच्या तीन तास आधी भाच्यानं बाटली उघडली आणि मला तिला हात लावायची मनाई केली. "मामा, जरा दम खा. हवा लागू दे तिला." लोणचं मुरू देतात, कणीक भिजू देतात, एवढं मला कळतं. बाटलीला हवा खायला बसवायचं हे इटलीत तुरिनला आल्यावर कळलं.

वाईन होती बारोलो. तुरिनच्या दक्षिणेला लांगे नावाच्या टेकड्या आहेत, त्यांतलं हे टीचभर गाव. द्राक्षाची जात नेब्बिओलो. नेब्बिया म्हणजे धुकं. आपल्याकडे नाशिकला ऑक्टोबरात द्राक्षाची गोडी छाटणी चालते, तेव्हा तिथं तोडणी चाललेली असते आणि टेकड्या धुक्यात बुडालेल्या असतात. कायद्यानं बारोलो निदान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ महिने लाकडी पिंपात. त्यापुढे माझे तीन तास म्हणजे काहीच नाही.

शेवटी पेल्यात आली तेव्हा रंग बघून मी जरा हिरमुसलोच. इतका बोलबाला आणि रंग कोकमाच्या सरबताचा! पलीकडचा टेबलक्लॉथ दिसत होता, कडेला तर ती चक्क विटकरी होती. नेब्बिओलोचा रंग असाच फिका, म्हणे. "वास घे. गुलाब आणि डांबर." डांबर म्हटल्यावर मला ट्रंकेतल्या डांबरगोळ्याच आठवल्या. पण ते डांबर रस्त्याचं निघालं, आणि गुलाबही ताजा नव्हे. गुलकंदासाठी पाकळ्या वाळत घातल्यावर खोलीभर जो वास राहतो, तो.

मग घोट घेतला आणि जीभ टाळूला चिकटली.

तुरट! हिरडा चघळावा तसं तुरट. भाचा टॅनिनबद्दल सांगत होता. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून ते उतरतं, लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. शास्त्र म्हणतं की ही चव नव्हेच, हा स्पर्श. असेल. आपण मात्र शाळेत सहा रस घोकले: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. आवळा, जांभूळ, सुपारी, कच्चं केळं यांच्यावर पोसलेल्या जिभेला ही काही परकी पाहुणी नव्हे. वाईनच्या गप्पांत आपण एरवी गप्प बसतो, पण या एका खात्यात आपला अनुभव दांडगा आहे.

बाटलीवर नाव होतं बार्तोलो मास्कारेल्लो. ही वाईन करणारा हा माणूस २००५ साली गेला. आता मुलगी मारिया तेरेसा कारभार बघते. भाचा त्याच्याबद्दल सांगायला लागला. "मामा, तो म्हणायचा बारीक नको." मला वाटलं, बारीक द्राक्षं नको. तर बारीक हे पिंपाचं फ्रेंच नाव, २२५ लिटरचं. आपल्या मराठी अर्थानंही ते बारीकच, कारण लांगेतली जुनी पिंपं हजारो लिटरची, माणूस आत उभा राहील एवढी. १९८०-९०च्या दशकांत बारोलोच्या तरुण मंडळींनी ही नवी कोरी छोटी पिंपं आणली. त्यांतून वाईनला व्हॅनिलाचा वास येतो आणि ती लवकर गुळगुळीत होते. परदेशी गिऱ्हाईक खूश. बार्तोलो हटला नाही. जुनीच पिंपं, सालीसकट लांबवर आंबवणं, आणि तुरटपणा जसाच्या तसा.

बरं, गडी नुसता हटवादी नव्हता, खट्याळही होता. म्हातारपणी लेबलं हातानं रंगवत बसायचा. एकावर लिहिलं होतं, 'नो बारीक, नो बर्लुस्कोनी'. पिंप आणि पंतप्रधान, दोघांनाही एका ओळीत घराबाहेर!

मला त्याची आणखी एक गोष्ट जास्त आवडली. त्याचे मळे चार ठिकाणी. कान्नुबी, सान लोरेन्झो आणि रुए बारोलोत, रोक्के मात्र शेजारच्या ला मोर्रा गावात. कान्नुबी हे तिथलं बडं नाव. त्या एका मळ्याच्या नावानं वेगळी बाटली काढली असती तर वेगळे पैसे मिळाले असते. यानं चारही मळ्यांची द्राक्षं एकत्र केली, वडील करायचे तशीच. एका मळ्यात ऊन जास्त झालं, दुसऱ्यात कमी, तर एकमेकांना सांभाळून घेतात. एकत्र कुटुंबच ते, फक्त भांडणाशिवाय.

जेवणात ताजारिन होत्या, अंड्यातल्या पिवळ्या बलकाच्या बारीक शेवया, वर लोणी. मग मांस, मग चीज. आणि तिथं वाईन बाईसाहेब वळणावर आल्या. लोणी-चीज तोंडात असताना तुरटपणाला धरायला दुसरं काही मिळालं, त्यानं माझी जीभ सोडली, आणि मागून चेरीसारखं काहीतरी आंबटगोड हळूच पुढं आलं. नुसत्या घोटावर मत बनवणं म्हणजे नुसता ठेचा खाऊन भाकरीला नावं ठेवणं.

अकरा वाजता तळाशी दोन बोटं उरली होती. ती सगळ्यात चांगली लागली, याचा मला रागच आला. सवयीनं खिशातली सुपारीची डबी काढली, झाकण उघडलं आणि पुन्हा लावून टाकलं. तोंडात ते काम अजून चालूच होतं.